थोटकाची लांबी

चित्रपटाच्या संकलनात सिगारेटइतकी त्रासदायक वस्तू दुसरी नसेल. चहाचा कप भरलेला आहे की रिकामा हे पडद्यावर कळत नाही. पाण्याच्या ग्लासाभोवती बोटं आली की पातळी झाकली जाते. सिगारेट मात्र लपत नाही. लांबच्या शॉटमध्ये ती अर्धी जळालेली असते, त्याच वाक्यावर कापून जवळचा शॉट घ्यावा तर तिथे नुकतीच पेटवलेली, आणि समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये बोटांना चटका बसेल एवढंच थोटूक उरलेलं. नटाने वाक्य उत्तम म्हटलेलं असतं, डोळ्यांत नेमकं हवं ते असतं, पण राख जुळत नाही म्हणून तो टेक बाजूला ठेवावा लागतो. कंटिन्युइटी बघणारे साहाय्यक म्हणूनच वेगवेगळ्या लांबीच्या सिगारेटी कापून हाताशी ठेवतात. एवढा खटाटोप करूनही लिहिणारे ती लिहितात आणि नट ती मागतात. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्याला प्रश्न पडतो तो इथेच. इतका जाच असलेली वस्तू पडद्यावर शंभर वर्षं टिकली कशी? 'लोक आयुष्यात ओढतात म्हणून पडद्यावर ओढतात', हे ठरलेलं उत्तर. झुरका पुढे सरकव, मागे आण, दोन फ्रेम काढ, चार घाल, असं करत राहिलं की ते उत्तर पटेनासं होतं. सिगारेट पडद्यावर वास्तव म्हणून आली नाही, सोय म्हणून आली. ती सोय कुणाची आणि कशासाठी, हे काळाप्रमाणे बदलत गेलं. धूम्रपानाच्या चित्रणात दिसणारा बदल हा मुख्यतः या सोयीतला बदल आहे, असं माझं म्हणणं आहे.

पहिली सोय हातांची. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या नटाला सगळ्यात जड काय होत असेल तर स्वतःचे दोन हात. खिशात घातले तर उद्धट दिसतात, बांधले तर गप्प, सोडले तर बावळट. सिगारेट त्यांना काम देते, आणि ते काम टप्प्याटप्प्याचं असतं: पाकीट काढायचं, काडी ओढायची, ज्योत वाऱ्यापासून ओंजळीत धरायची, पहिला धूर सोडायचा, राख झटकायची, शेवटी थोटूक बुटाखाली चिरडायचं. प्रत्येक टप्पा म्हणजे संवादातला एक आयता विराम. पात्र उत्तर टाळतंय हे दाखवायला वाक्य लिहावं लागत नाही, काडी पेटेपर्यंतचे दोन सेकंद पुरतात. संकलकाला तर यात कापायच्या जागा तयार मिळतात, कारण काडीच्या खर्र आवाजावर किंवा ओठांपर्यंत जाणाऱ्या हाताच्या हालचालीवर कट लपतो. दुसरी सोय प्रकाशाची. हवेत कण नसतील तर उजेडाची तिरीप दिसत नाही. कृष्णधवल काळात मागून प्रकाश टाकला की धुराची वेटोळी रुपेरी होत, सपाट भिंतीसमोरच्या चेहऱ्याला खोली येत असे. त्या काळच्या छायालेखकांना धुराचं प्रेम होतं ते तंबाखूमुळे नव्हे. उदबत्तीने काम भागलं असतं तर त्यांनी उदबत्ती लावली असती, आणि सेटवर कित्येकदा तसंच काही केलंही जातं.

या कारागिरीच्या सोयीवर धंद्याची सोय चढली ती हॉलिवूडमध्ये. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन तंबाखू कंपन्या चित्रपटतारकांना पैसे देऊन आपापल्या ब्रँडची शिफारस करायला लावत. स्टुडिओला सिनेमाची फुकट जाहिरात मिळे आणि कंपनीला चेहरा. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत काही तरुणी भर रस्त्यात सिगारेट ओढत चालल्या आणि स्त्रीस्वातंत्र्याच्या मशाली म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रं छापली. तो प्रसंग एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क सल्लागाराने एका सिगारेट कंपनीसाठी घडवून आणला होता. म्हणजे पुढे मार्लेन डिट्रिचच्या ओठांत जी सिगारेट बंडखोर वाटली, त्या बंडखोरीचं बिल आधीच कुणीतरी चुकतं केलेलं होतं. त्यातच सेन्सॉर संहितेने शय्यागृहाचं दार बंद केल्यावर सिगारेटला नवं काम मिळालं. 'नाऊ, व्हॉयेजर' (१९४२) मध्ये पॉल हेनराइड दोन सिगारेटी एकाच वेळी आपल्या ओठांत धरून पेटवतो आणि त्यातली एक बेटी डेव्हिसला देतो. जे दाखवायला मनाई होती ते सगळं त्या एका कृतीत आलं. त्याच वर्षीच्या 'कासाब्लांका'त हम्फ्री बोगार्टच्या हातची सिगारेट दुःख गिळलेल्या पुरुषाची खूण झाली. बोगार्ट १९५७ साली अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेला. खूण मात्र गेली नाही.

ती खूण मुंबईत पोहोचली तेव्हा तिचं भाषांतर झालं, आणि आपल्याकडचं भाषांतर मुळापेक्षा जास्त काटेकोर निघालं. 'किस्मत' (१९४३) मधला अशोक कुमारचा खिसेकापू नायक सिगारेट ओढतो. नायक असूनही तो सरळ माणूस नाही, हे सांगायला तीच पुरते. 'बडी बहन' (१९४९) मध्ये प्राणची धुराची वलयं म्हणजे खलनायकाचं ओळखपत्रच झालं. पण सगळ्यात स्वच्छ उदाहरण 'श्री ४२०' (१९५५) चं. तिथल्या दोन स्त्रियांची नावंच विद्या आणि माया. विद्या म्हणजे नर्गिस, साध्या साडीतली शिक्षिका. माया म्हणजे नादिरा, आणि तिच्या हातात लांब दांडीचा सिगारेट होल्डर. ती दांडी एवढी लांब का? नादिराने कॅमेऱ्याच्या चौकटीत पाऊल टाकायच्या आधी ती दांडीच चौकटीत शिरते, आणि प्रेक्षकाला ही बाई कोण ते कळून चुकतं. त्या काळात भारतातल्या किती बायका होल्डर लावून सिगारेट ओढत असतील? महाराष्ट्रात बायका तंबाखू वापरत होत्या, पण दात घासायच्या मशेरीच्या रूपाने. होल्डर हा समाजाचा आरसा मुळीच नव्हता, तो वर्णाक्षरातला एक ठसा होता. उलट 'हम दोनो' (१९६१) मध्ये देव आनंदच्या ओठांत आली की तीच वस्तू बेफिकिरीचा तत्त्वज्ञ होते आणि लायटरमधूनसुद्धा सूर निघतो. वस्तू एक, धूर एक, दिग्दर्शकाने हात बदलला की अर्थ बदलला. तेव्हा 'सिनेमात धूम्रपान वाढलं की घटलं' हा प्रश्न पुरेसा नाही. कुणाच्या हातात गेलं आणि तिथे काय काम करू लागलं, ते पाहावं लागतं.

सत्तरच्या दशकात ते काम वर्गाचं झालं. 'दीवार' (१९७५) मधला विजय गोदीत हमाली करतो तेव्हा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात विडी असते. विडीला होल्डरची ऐट नाही, देव आनंदची बेफिकिरीही नाही. ती रागीट आणि स्वस्त आहे, बिल्ल्यासारखी ओठांना चिकटलेली. हिंदी पडद्यावर कामगाराच्या शरीराला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यात त्या विडीचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच चित्रपटात परवीन बाबीची अनिता सिगारेट ओढते, आणि 'श्री ४२०'च्या मायेइतकी ती वाईट ठरत नाही. प्रेक्षकाची सहानुभूती तिला मिळते, फक्त संसार मिळत नाही. वीस वर्षांत एवढीच सवलत. दक्षिणेत तोवर 'मूंड्रु मुडिच्चु' (१९७६) पासून रजनीकांतने सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलायला सुरुवात केली होती. बंगळूरच्या मराठी घरातून आलेल्या या बस कंडक्टरने सिगारेटचं चक्क कसरतीचं साधन केलं. ती झेल पाहताना निकोटिनचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल असं वाटत नाही, आणि नेमका म्हणूनच त्या झेलीचा शाळकरी पोरांवर झालेला परिणाम मोजणं अवघड. याच दशकात एक अपवाद आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. 'शोले' (१९७५) मधला गब्बर सिंग तळहातावर तंबाखू मळतो. हिंदी सिनेमातलं तंबाखूचं बहुधा सगळ्यात लक्षात राहिलेलं दृश्य, आणि त्यात धुराचा मागमूस नाही. त्याकडे पुढे परत यायचं आहे.

पैशाचा मुद्दा अर्धवट सोडून चालणार नाही, कारण सोय हा शब्द तिथे सगळ्यात उघडा पडतो. अमेरिकेत १९६४ साली सर्जन जनरलच्या अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं सरकारी शिक्क्यानिशी मांडलं. पुढे टीव्हीवरच्या जाहिराती बंद झाल्या आणि कंपन्या पुन्हा सिनेमाकडे वळल्या. 'सुपरमॅन २' (१९८०) मध्ये मार्लबरो दिसावी म्हणून फिलिप मॉरिसने सुमारे ४२ हजार डॉलर मोजले, आणि कॉमिकच्या पानांवर सिगारेट न ओढणारी लोइस लेन पडद्यावर ओढू लागली. १९८३ साली सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ५ लाख डॉलरच्या मोबदल्यात किमान पाच चित्रपटांत एका कंपनीची उत्पादनं वापरायचं लेखी मान्य केलं. ते पत्र नंतर उजेडात आलं. 'लायसन्स टू किल' (१९८९) या बाँडपटासाठी साडेतीन लाख डॉलर दिले गेले. १९९८ साली अमेरिकी राज्ये आणि तंबाखू कंपन्या यांच्यातल्या तडजोडीने हा व्यवहार तिथे बंद केला. ज्यांना वाटतं की पात्राच्या हातातली सिगारेट ही लेखकाच्या प्रतिभेचीच मागणी असते, त्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. प्रतिभेला एवढे पैसे देऊन आठवण करून द्यावी लागत नाही.

आपल्याकडे हा हिशेब मांडला गेला तो उशिरा. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात १९९१ ते २००२ या काळातले ३९५ चित्रपट तपासले गेले. त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक चित्रपटांत तंबाखू होतीच, पण खरी महत्त्वाची नोंद वेगळी होती: सिगारेट खलनायकाच्या हातून निघून नायकाच्या हातात आली होती. प्राणच्या वलयांना जी नैतिक किंमत होती ती संपली. त्याआधीच, २००२ साली, रजनीकांतच्या 'बाबा'तल्या धूम्रपानावरून तामिळनाडूत पट्टाळी मक्कल कच्ची या पक्षाने रान उठवलं होतं. पक्षाचे नेते रामदास यांचे चिरंजीव अन्बुमणी २००४ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, आणि ३१ मे २००५ रोजी चित्रपटांत धूम्रपान दाखवण्यावर सरसकट बंदीची अधिसूचना निघाली. महेश भट्ट न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९च्या जानेवारीत ती बंदी रद्द केली. मग मधला मार्ग निघाला. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची आरोग्यचित्रफीत, किमान २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, आणि तंबाखू दिसेल त्या प्रत्येक वेळी पडद्याच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत इशारा. रजनीकांतने तोवर स्वतःच तोडगा काढला होता. 'शिवाजी' (२००७) मध्ये तो च्युइंगम उडवतो. झेल तीच, टाळ्या त्याच. सिगारेट नुसती सोय होती याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

इशाऱ्याच्या त्या पट्टीचं काम संकलनाच्या टेबलावर कसं होतं ते जरा जवळून सांगतो, कारण प्रेक्षक ती रोज पाहतात आणि ती कशी पडते याचा विचार सहसा करत नाहीत. चित्रपट पूर्ण झाला की कुणीतरी तो सुरुवातीपासून फक्त तंबाखू शोधत पाहतो. शॉट कुठे सुरू, कुठे संपला, याची वेळेसकट यादी होते. नायकाच्या बोटांतली सिगारेट सोपी असते. पण मागे धूसर दिसणाऱ्या हॉटेलातल्या तिसऱ्या टेबलावरचा माणूस? राखदाणीत पडलेलं विझलेलं थोटूक? पात्राचा हात चौकटीबाहेर आहे, सिगारेट दिसत नाही, पण धूर वर येतोय, तर? नको ती कटकट म्हणून शंका आली की पट्टी टाकून मोकळं व्हायचं, हा सार्वत्रिक रिवाज. आता परिणाम बघा. शॉटच्या पहिल्याच फ्रेमपासून पट्टी येते, पात्र मात्र काडी ओढतं ते तीन-चार सेकंदांनंतर. म्हणजे तो आता सिगारेट पेटवणार ही बातमी प्रेक्षकाला पात्राच्या आधी कळते. रहस्यपटात एखादं पात्र अंधारात बसलेलं आहे आणि काडीच्या उजेडात त्याचा चेहरा उजळायचा आहे, असा प्रसंग असेल तर पट्टीने आधीच बोभाटा केलेला असतो. एवढं करून पट्टी भेद मात्र करत नाही. फुप्फुसं गेलेल्या म्हाताऱ्याच्या खोकल्याखाली आणि नायकाच्या मंद गतीतल्या झुरक्याखाली तीच अक्षरं, त्याच आकारात. जी सिगारेट स्वतःच इशारा आहे तिला इशारा, आणि जी भुरळ आहे तिलाही तेवढाच. शब्द सारखा सारखा आला की डोळा तो वाचणं सोडून देतो, हे उपशीर्षकं करणाऱ्या कुणालाही विचारावं.

इथे दिग्दर्शकमंडळी टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांचाच मुद्दा आधी घेतो. त्यांचं म्हणणं, आम्ही वास्तव दाखवतो, माणसं ओढतात तर आम्ही काय करणार? हा दावा आकड्यांसमोर टिकत नाही. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सिगारेट ओढणारे ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, आणि तंबाखू खाणारे, मळणारे, लावणारे मिळून २१.४ टक्के. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. दर सहा-सात तंबाखू खाणाऱ्यांमागे एक ओढणारा. मग मराठी-हिंदी पडद्यावरच्या शहरी नायकाच्या हातात चुन्याची डबी का नाही? बार भरून गालाचा फुगा करून बोलणारा, मधेच उठून खिडकीतून पिचकारी टाकणारा प्रेमिक का नाही? कारण उघड आहे. तोंडात तंबाखू धरून संवाद म्हणता येत नाही, प्रकाशात ती चमकत नाही आणि चुंबनाच्या प्रसंगाला तिचा उपयोग नाही. ती फक्त गब्बरला आणि ग्रामीण चित्रपटातल्या इरसाल म्हाताऱ्याच्या चंचीत शोभते. विडीचंही तेच. सोलापूर-सिन्नरकडे हजारो बायका सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळतात. विडी ओढणारा पुरुष पडद्यावर निदान येतो तरी, विडी वळणारी बाई शोधावी लागते. वास्तवाची एवढी चाड असती तर ही गणितं उलटी असती. तेव्हा सिगारेटच्या बाजूने वास्तववादाची साक्ष काढणाऱ्यांनी ती मागे घ्यावी हे बरं.

दुसरी हरकत आरोग्याच्या बाजूची आहे, आणि ती जास्त वजनदार. ते म्हणतात, तुमचं ते कुणाच्या हातात नि काय अर्थाने हे रसग्रहणाच्या वर्गात ठीक आहे, किशोरवयीन मुलांवर परिणाम होतो तो संख्येचा. पुरावा त्यांच्याकडे आहे. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अमेरिकन पाहणीत सिनेमात सर्वाधिक धूम्रपान पाहणाऱ्या मुलांनी सिगारेट हातात धरण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत संशोधकांनी त्याचा संबंध पडद्याशी जोडला. दिल्लीच्या १२ शाळांत झालेल्या अभ्यासातही हिंदी चित्रपटांतली तंबाखू सगळ्यात जास्त पाहिलेल्या मुलांत तंबाखू वापरण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. २०१२ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने तर हा नुसता योगायोग नसून कार्यकारणसंबंध आहे असं म्हटलं. हे पुरावे मी मान्य करतो, हातचं न राखता. खलनायकाच्या हातातल्या सिगारेटनेही मूल शिकत असेल, तर अर्थाचा माझा सगळा डोलारा त्या मुलापुरता निरुपयोगी आहे. पण मग हा पुरावा पट्टीच्याही विरोधात जातो. संख्या घातक असेल तर खाली दोन शब्द लिहून संख्या कमी होत नाही. ती कमी होते वयाच्या प्रमाणपत्राने, म्हणजे धूम्रपान असलेला चित्रपट लहान मुलांपुढे न नेण्याने. डिस्नेने २०१५ मध्ये कोवळ्या वयाच्या प्रेक्षकांसाठीच्या आपल्या चित्रपटांतून सिगारेट काढायचं जाहीर केलं, ते या तर्काला धरून होतं. आपण मात्र कौटुंबिक प्रमाणपत्र देतो, सिगारेट ठेवतो आणि खाली ओळ लिहून हात झटकतो.

मग कलावंताच्या स्वातंत्र्याचं काय? वूडी ॲलनने २०१३ साली 'ब्लू जॅस्मिन'मध्ये इशाऱ्याचा मजकूर घालायला नकार दिला आणि चित्रपट भारतात प्रदर्शित झालाच नाही. चौकटीतली प्रत्येक इंच जागा माझी, हा त्याचा हट्ट कामाच्या दृष्टीने मला समजतो. खोडाखोडीचा अतिरेक कुठवर जातो याचं उदाहरणही आहे. २००९ साली पॅरिसमध्ये जॅक तातीवरच्या प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकावर त्याच्या तोंडातला प्रसिद्ध पाइप काढून तिथे पिवळी भिरभिरी चिकटवली गेली, आणि सगळं शहर हसलं. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: 'श्री ४२०'मधला होल्डर धूसर करणं म्हणजे दस्तऐवजावर शाई सांडणं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे जपलं जातं ते जसं होतं तसंच पाहता आलं पाहिजे. शिवाय टीव्हीवर धूसर केलेला ठिपका डोळ्याला जेवढा खेचतो तेवढी मूळ सिगारेटही खेचत नाही. नव्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र स्वातंत्र्याचा मुद्दा मला अर्धाच पटतो. स्वातंत्र्य आहे ते निवड करण्याचं, आणि बहुतेक वेळा इथे निवड झालेलीच नसते. संहितेत 'तो विचारात पडतो' लिहायचं असतं, हात आपोआप 'तो सिगारेट पेटवतो' असं लिहून जातो. याला स्वातंत्र्य म्हणायचं की सवय? 'थँक यू फॉर स्मोकिंग' (२००५) हा तंबाखू कंपन्यांच्या दलालावरचा अख्खा चित्रपट, पण त्याच्या कथेतलं एकही पात्र सिगारेट ओढताना दिसत नाही. दिग्दर्शक जेसन राइटमनला विषय हवा होता, आधार नको होता.

आजच्या पडद्यावर सिगारेटचं काम पुन्हा बदललंय. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली आणि कचेरीतला, आगगाडीतला, हॉटेलातला धूर कायद्यानेच गेला. त्यामुळे सिनेमातली सिगारेट गच्चीवर, जिन्यात, इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. तिथे दोन सहकारी भेटतात आणि आत बोलता न येणारं बोलतात. वेब मालिकांत तर हा प्रसंग इतका ठरीव झालाय की गच्ची दिसली की लायटरचा आवाज आधी कानांत वाजतो. बायकांच्या हातातली सिगारेटही पालटली. 'फॅशन' (२००८) पर्यंत ती नायिकेच्या घसरणीची खूण होती, पुढच्या दहा वर्षांत ती मोकळेपणाची खूण झाली, आणि १९२९च्या त्या विकत घेतलेल्या मशाली जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षांनी आपल्याकडे येऊन पोहोचल्या. मायेला शिक्षा देणारा सिनेमा मला परत नकोच. पण मोकळ्या बाईची ओळख पटवायला लेखकाला तंबाखू कंपनीचीच जुनी युक्ती सुचावी, याला प्रगती म्हणवत नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून इशाऱ्याचे नियम ओटीटीलाही लागू झाले. पट्टी आता मोबाइलच्या पडद्यावरही येते, आणि तिथे ती आणखी बारीक दिसते. सेटवर नटांच्या हाती बऱ्याचदा वनस्पतींच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटी असतात. म्हणजे पडद्यावर जी जळते ती तंबाखूही नसते.

सरकारी नियमांतला एक भाग मात्र खरोखर उपयोगी पडला असं मला वाटतं, आणि तो पट्टीचा नव्हे. चित्रपटाआधी दाखवली गेलेली मुकेश नावाच्या तरुणाची चित्रफीत एका पिढीला पाठ झाली. लोकांनी तिची टिंगल केली, नकला केल्या, पण विसरले नाहीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारा तो मुलगा कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, आणि त्याचा चेहराच इशारा होऊन बसतो. अर्धा मिनिट सलग एका माणसाकडे पाहायला लावणं, हे सिनेमाचं स्वतःचं बळ. चौकटीच्या तळाशी अक्षरं चिकटवणं हे बळ नव्हे. माझ्या हाती असतं तर मी शॉटखालची पट्टी काढून टाकली असती, सुरुवातीची चित्रफीत ठेवली असती आणि धूम्रपानाचा भडिमार असलेल्या चित्रपटाला प्रौढांचं प्रमाणपत्र दिलं असतं. श्याम बेनेगल यांच्या समितीनेही २०१६ मध्ये प्रत्येक दृश्याखालच्या मजकुराऐवजी सुरुवातीलाच एक इशारा द्यावा असं सुचवलं होतं. शिफारस कागदावर राहिली. लिहिणाऱ्यांना मात्र शिफारशीची वाट पाहायची गरज नाही. संहितेत 'सिगारेट पेटवतो' हे शब्द दिसले की ते एकदा खोडून प्रसंग पुन्हा वाचावा, आणि बहुतेक वेळा तो तसाच उभा राहतो.

आणि ती मुकेशची चित्रफीत पुन्हा लागली तर नीट ऐका. देशभरच्या चित्रपटगृहांत धुराच्या दृश्यांआधी दाखवलेला हा मुलगा सिगारेटने गेला नव्हता. तो गुटखा खात होता.